थोरल्या नटीचा घसा

रविवार, २ मार्च

मला म्हातारी दिली! आमच्या दिग्दर्शक उल्हासनं सगळ्यांदेखत सांगितलं, "मधुमती, थोरल्या नटीची पत्रं तू वाच. धाकटीची क्षिप्रा वाचेल." आमचं नाट्यमंडळ सुरू झाल्यापासून नायिका मी. आणि ही क्षिप्रा, बुओना व्हिस्टाच्या संशोधन संस्थेतली पोस्टडॉक, सिंगापुरात येऊन वर्षही झालं नाही. वर गोड हसून म्हणते, "काकू, तुमच्याबरोबर काम करायला मिळतंय, भाग्यच!"

काकू!

मंगळवार, ४ मार्च

स्क्रिप्ट वाचली. नाटक म्हणजे नुसती पत्रं – दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या दोन नट्यांची आणि त्यांच्या थिएटरच्या मॅनेजरची. उल्हासनं तुआसच्या कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत बसून मराठीत आणलीत. छान आणलीत मेल्यानं. थोरली लिहिते, "जाहिरातीत माझं नाव त्या पोरीच्या खाली, तेही बारीक टायपात!" आणि पोरीला मोठी भूमिका मिळाली की हिचा घसा बसतो. मॅनेजरही बेरकी. उत्तर देतो, "बाईसाहेब, आपल्या घशाची वार्ता कळली. तो नेमका कधी बसतो, हेही आमच्या ध्यानात आहे."

मी एकटीच खूप हसले. मग आमचं पोस्टर उघडलं. क्षिप्राचं नाव वर, माझं खाली. उल्हास म्हणतो, वर्णानुक्रमे! आमच्या शाळेत क्ष शेवटी यायचा.

रविवार, ९ मार्च

तालीम. अभिवाचन आहे, कागद हातात धरायचा असतो. हिचं सगळं पाठ! थांबते कुठे, तर जिथे मी थांबले असते तिथेच. उल्हास डोळे पुसत होता. माझ्या वाचनाला म्हणाला, "ठीक." ठीक!

तालीम बघायला आलेली माझी लेक ऋग्वेदा परतताना MRT च्या गाडीत तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "आई, शी इज सो गुड ला!" आमचं बेडोक स्टेशन येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

गुरुवार, २० मार्च

शाल तालमीच्या खोलीतच विसरले.

एक गोष्ट अजून माझी आहे – नारळ. हॉलमध्ये फोडू देत नाहीत, म्हणून आमच्या मंडळाची रीत अशी की मुख्य नटीनं तो सकाळी घरी फोडायचा, खोबरं डब्यातून न्यायचं आणि पडदा उघडण्याआधी सगळ्यांना वाटायचं. इतकी वर्षं हा मान माझा. आज क्षिप्रा विचारते, "काकू, या वेळी नारळ मी फोडू? तुमची धावपळ वाचेल." उल्हास म्हणाला, "बघा दोघी ठरवून."

ठरवायचं काय त्यात? मी सांगितलं, मी आणलाय. आणला नव्हता. घरी येताना बेडोकच्या मार्केटमधून घेतला.

शनिवार, २९ मार्च

आज प्रयोग. सकाळी उल्हासला मेसेज केला – घसा पार बसलाय, येऊ शकत नाही. घसा ठणठणीत आहे. बघू दे, माझ्याशिवाय प्रयोग कसा उभा राहतो!

उल्हासचं उत्तर लगेच आलं. "बाईसाहेब, आपल्या घशाची वार्ता कळली." पुढचं वाक्य त्यानं लिहिलं नाही.

उद्धव बिचारा हळदीचं दूध करून देतोय. नवऱ्याशीही दिवसभर खुणांनीच बोलावं लागतंय. नारळ ओट्यावर तसाच.

संध्याकाळी

ऋग्वेदा बघून आली. क्षिप्रानं दोन्ही नट्या वाचल्या! दोन खुर्च्या, इकडून उठून तिकडे. थोरलीसाठी माझीच शाल घेतली अंगावर. "आई, एव्हरीबडी स्टूड अप!"

मी जेवले नाही.

रविवार, ३० मार्च, पाडवा

खिडकीत गुढी लावली. गोडधोड काही केलं नाही. क्वालालंपूरच्या मंडळानं प्रयोग मागितलाय, ग्रुपवर अभिनंदनांचा पूर. एकीनं होत असेल तर दोघींना कोण नेईल? माझ्या हातानं माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आणि जळफळाट काही कमी होत नाही.

सोमवार, ३१ मार्च

उल्हासचा फोन. क्षिप्रा एकटी जायला तयार नाही. त्याला म्हणाली, "थोरली मी काकूंची नक्कल करून वाचली. त्या असताना नक्कल कशाला? आणि परवा नारळाशिवाय उभी राहिले, पुन्हा नाही राहणार. त्या नारळ घेऊन आल्या तरच मी येते."

नाव तिचं, टाळ्या तिच्या. आता मोठेपणाही तिनंच घेतला!

"मधुमती, येतेस ना?" उल्हासनं दोनदा विचारलं. मला हो म्हणायचं होतं. पण गळा इतका दाटून आला की आवाजच फुटेना.

तो म्हणाला, "कळलं. घसा." आणि फोन ठेवून दिला.