दहाव्याची बाटली

आबा, आज वर्गात मी तुमच्या दहाव्याची गोष्ट सांगितली आणि पोरं हसली.

शाळेत दारूबद्दल मुलांना समजावायचं काम माझ्याकडे आहे. काळ्या पडलेल्या यकृताचं चित्र दाखवायचं, घराची वाताहत कशी होते ते सांगायचं. चित्राकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून म्हटलं, घरचंच सांगू. घोड नदीच्या काठी पिंड ठेवलाय, ऊन चढलंय आणि कावळा काही शिवत नाही. आई हात जोडून म्हणतेय, पोरीची शाळा सोडवणार नाही. तरी नाही. मग धाकटे चुलते पुढे झाले. "आरं, त्याचा जीव कशात व्हता ठाव हाय ना समद्यांला? ठेवा की तिथं!" कुणीतरी क्वार्टर आणली, बूच काढून पिंडाशेजारी ठेवली आणि कावळा आला. "लई पक्का गडी राव!" म्हणत लोक हसले. जिनं तुम्हाला नेलं तिचाच नैवेद्य तुम्हाला दाखवला आणि सुटलो म्हणत सगळे जेवायला बसले. हे ऐकून तरी वर्ग गप्प होईल असं मला वाटलं होतं. तर मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मॅडम, आमच्या चुलत्याच्या टायमाला बी असंच. पण त्याला देशीच लागली. इंग्लिशला कावळा शिवंना." अख्खा वर्ग खिदळला. मलाही हसू आलं. काय करू? इथे घरोघरी हेच आहे, मग धडा कुणाला शिकवायचा?

एक गोष्ट मात्र मी वर्गात कधीच सांगत नाही. आई तापानं पडली होती आणि तुम्ही हुलग्याची शेंगोळी करायला बसलात. मी परातीशी बसलेय. तुमचे हात इतके थरथरतायत की पीठ वळेना, तुकडे पडतायत. तुम्ही उठून मागच्या दारी जाता, तोंड पुसत येता, आणि मग एकसारखी, गुळगुळीत शेंगोळी वळता. आईला स्वतःच्या हातानं भरवता. तेवढी चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही. दारू माणसाचा राक्षस करते असं मी मुलांना सांगते, आणि माझ्या डोळ्यांपुढे तुमचे ते शांत झालेले हात येतात. तुम्ही राक्षस असता तर बरं झालं असतं, आबा. तुमचा राग तरी करता आला असता.

तुमचा नातू आता बारावीला आहे. तुमच्यासारखाच बैलांचा वेडा. परवा यात्रेतल्या शर्यतीत भावकीचा बैलगाडा पहिला आला आणि हा दुपारीच घरी आला, डोळे लाल. मी दारातच अडवलं. तुमचं नाव घेतलं, आईचं घेतलं, वर्गात बोलते ते सगळं बोलले. तो हसत म्हणाला, "आई, तुझं लेक्चर शाळेत. गाडा पयला आल्यावर नाय म्हणलं तर भावकी काय म्हणंल? आन् आजोबांला तर तुमीच पाजली की, मेल्यावर बी!" आयुष्यभर मी लोकांच्या पोरांना शिकवत आले, आणि माझ्याच पोटच्या पोरानं माझीच गोष्ट माझ्यावर उलटवली. आज वर्गावर कुठल्या तोंडानं गेले, माझं मला ठाऊक.

तेवढ्यात त्याचे वडील बाजारातून आले. ओसरीवर थबकले आणि म्हणाले, "वास कसला येतोय?" मी पटकन म्हणाले, "टोमॅटोवर औषध मारून आलाय तो." त्यांनी मान डोलावली आणि हातपाय धुवायला गेले. पोरानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं की आता मी त्याच्या बाजूला आहे.

हा कागद मी फाडून टाकणार आहे, घरात कुणाच्या हाती लागायला नको. खोटं बोलल्याचं मला वाईट वाटायला हवं होतं, आबा. पण ते त्यांना पटलं, याचं मला बरं वाटलं.