संदर्भ क्रमांक सतरा

३ फेब्रुवारी, मंगळवार

विषय नाही! सत्तावीस तारखेला फॉर्म द्यायचा आहे आणि प्रबंधाला अजून विषय नाही. पंचवीस वर्षं वर्तमानपत्रात रोज संध्याकाळी सहाच्या आत विषय सापडत होता. इथं परदेशात, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ऊर्जेची विद्यार्थिनी होऊन पाच महिने तो शोधतेय.

आज मार्गदर्शकांकडे तिसरी यादी नेली. (हे प्रत्येक गोष्टीचा आलेख काढतात, म्हणून मी त्यांना मनात आलेखाचार्य म्हणते.) त्यांनी यादी इतक्या सौजन्याने बाजूला सारली की मला यादीचीच दया आली. "अर्थपूर्ण म्हणजे नेमकं काय हवंय तुम्हाला?" म्हटलं, ज्यानं कुणाच्या तरी घरात फरक पडेल असं. "छान. आणि तो मोजणार कसा?"

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नवऱ्याचा फोन. "सापडला का?" नाही. "मग माझ्यावरच लिही. बायको शिकायला गेल्यावर घरातला ऊर्जाव्यय. या आठवड्यात दोनदा गिझर चालू राहिला. हवी तेवढी आकडेवारी देतो!" स्वतःच हसला. आणि मग — "रजा घेऊन गेलीयस, संन्यास घेऊन नव्हे. जूनमध्ये परत ये म्हणजे झालं."

९ फेब्रुवारी, सोमवार

आलेखाचार्यांनी स्वतःहून विषय दिला! दूरच्या खेड्यांतली छोटी सौरकेंद्रं किती काळ टिकतात, हे सांगणारं त्यांचं एक मॉडेल आहे. ते दोनशे गावांना लावून पाहायचं. एका कंपनीला त्यात रस आहे, म्हणजे पुढं नोकरीही.

माझी इथली एकुलती एक मराठी वर्गमैत्रीण लेकीच्या वयाची. पहिल्या दिवशी मी तिची मॅडम होते, दुसऱ्या दिवशी ताई, तिसऱ्या दिवसापासून काकू. इतक्या झपाट्यानं वार्धक्य कुणाला आलं नसेल. ती म्हणाली, "काकू, डोळे मिटून हो म्हणा. आम्ही सगळे त्यावर टपून होतो."

हो म्हटलं. डोळे उघडे ठेवून. गावं, दिवे, अंधार — अर्थ आहे. आणि मोजताही येतं!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

इतरांच्या घरी पाढे पाठ करून घेत, आमच्याकडे बाबा न्यायशास्त्रातली प्रमाणं पाठ करून घेत. डोळ्यांनी पाहिलेलं ते प्रत्यक्ष, तर्कानं काढलेलं ते अनुमान, विश्वासू माणसानं सांगितलेलं ते शब्द. "शब्द वापरा, पण बोलणारा कोण ते आधी बघा," असं म्हणून चष्म्यावरून बघायचे.

हे आज आठवलं, कारण सबंध मॉडेल एका गावावर उभं आहे. चौदा वर्षांपूर्वी तिथं सौरकेंद्र झालं, शहाण्णव टक्के घरांना चोवीस तास वीज. हा आकडा आचार्यांनी एका निबंधातून घेतला, त्या निबंधानं एका संस्थेच्या अहवालातून, त्या अहवालानं आणखी जुन्या अहवालातून. जो तो मागच्याकडे बोट दाखवतोय. बाबा याला अनवस्था म्हणाले असते. मला बातमीदाराची खाज सुटली. सगळ्यांत मागं कोण उभं आहे, ते पाहायचंच.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं. सगळ्यांत जुन्या अहवालातला संदर्भ क्रमांक सतरा. एका मराठी वर्तमानपत्रातली बातमी. बातमीदाराच्या नावासकट.

नाव माझं आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

आठवतंय. सरकारी जीपमधून गेलो होतो. दोन तास होते गावात. तिन्हीसांजेला कळ दाबली, दिवे लागले, टाळ्या. शहाण्णवचा आकडा जीपमध्ये वाटलेल्या पत्रकात होता. मी फक्त त्याला नीटनेटकं वाक्य दिलं — "गावातील शहाण्णव टक्के घरांना आता चोवीस तास वीज मिळत आहे."

केंद्र सुरू होऊन तासही झाला नव्हता! चोवीस तास आले कुठून? हा हिशेब उपसंपादकानं केला नाही, त्या विद्वानांनी केला नाही, आणि मी तर नाहीच नाही. बातमी पहिल्या पानावर छापून आली. पाठ थोपटली गेली. "सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन पाहणे" असं तेव्हाच्या वहीत लिहिलेलंही असेल. गेले नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वर्गमैत्रिणीला सांगितलं. "काकू, कुणाला कळणारे? सतरा नंबरचा संदर्भ कोण वाचतं?"

मी वाचला ना.

"तुम्ही सोडून हो!" मग तिचाच चेहरा उतरला. "माझाही प्रबंध त्याच मॉडेलवर आहे, काकू."

मुकाट्यानं पानं भरावीत, पदवी घ्यावी, घरी जावं — हा पूर्वपक्ष भलताच भक्कम आहे. उत्तरपक्ष सुचत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

नवऱ्याला सांगितलं. तो थट्टा करेना, तेव्हा मी घाबरले. मग म्हणाला, "सांगून टाक त्यांना. नाही सांगितलंस तर जूनपासून रोज माझं डोकं खाशील."

हं. थोडी थट्टा होती शिल्लक.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. आचार्यांनी कात्रणाचा शब्दन् शब्द माझ्याकडून भाषांतर करून घेतला. "चोवीस तास" दोनदा विचारलं. उठून दार लावून आले. "आणखी कुणाला माहीत आहे हे?"

म्हटलं, नवऱ्याला. पोरीचं नाव कशाला घेऊ?

मग त्यांनीच मान हलवली. "माझी अकरा वर्षं उभी आहेत यावर." ओरडले असते तर बरं झालं असतं. आज पहिल्यांदाच त्यांनी कसला आलेख काढला नाही. निघताना म्हणाले, "मग तुमचा विषय हाच. त्या गावात पुढे काय झालं. कंपनी यात येणार नाही. मी येईन का, ते उद्या कळवतो."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

एका शब्दाची मेल — "येतो." खाली आणखी एक ओळ — "तुमच्या मैत्रिणीलाही माझ्याकडे पाठवा." म्हणजे ओळखलंच होतं!

२६ फेब्रुवारी, गुरुवार

फॉर्म भरला. विषय : एका सौरकेंद्राची उद्घाटनानंतरची चौदा वर्षं.

हलकं वाटतंय. खोटं कशाला बोलू, थोडा गर्वही वाटतोय. आपली चूक आपणच शोधली, आपणच कबूल केली! येताना रस्त्यात गुणगुणत होते. समोरून येणाऱ्या बाईंनी वाट सोडली.

जुन्या कचेरीतल्या सहकाऱ्यानं त्या गावच्या वायरमनचा नंबर मिळवून दिलाय. केंद्रातल्या बॅटऱ्या तोच सांभाळायचा. उद्या सकाळी फोन. अठरा प्रश्न काढून ठेवलेत.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

नाव सांगताच त्यानं ओळखलं. मी प्रश्न एकच विचारला. केंद्र कधी बंद पडलं?

"बॅटऱ्या तिसऱ्या वर्षी गेल्या, मॅडम."

म्हटलं, मग आता मोठ्या लाइनची वीज असेल. "शेजारच्या गावांना आली ना, आठ वर्षं झाली. आपलं गाव वीज असलेल्यांच्या यादीत आहे. दर वर्षी वीज कचेरीत अर्ज देतो. साहेब फाईल उघडून तुमची बातमी दाखवतात."

सांगितलं, बातमी चुकीची होती. मी न बघता लिहिली. माफी मागितली. तो बिचारा अवघडला.

"माफीचं राहू द्या, मॅडम. वीज नाही, एवढं छापून द्या. आम्ही सांगितलेलं चालत नाही. तुमचं चालतं."