काम चालू आहे, चालवू नये

९ नोव्हेंबर
भिलाईत नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे, आणि मी गाडीवाला झालो! तीही साधीसुधी नाही. पन्नास वर्षांची इटालियन स्पोर्ट सेडान, फिकट निळी. चार गोल दिवे, लाकडी स्टिअरिंग, दोन कार्बोरेटर. वर्ध्याला असल्या गाड्या फक्त फोटोत पाहिल्या होत्या. हुडको कॉलनीतल्या गिरजाबाईंनी विकली. त्यांचे मालक शेषराव आमच्याच स्टील प्लांटमध्ये फिटर. एका परदेशी इंजिनिअरने मायदेशी जाताना त्यांना दिलेली.

स्टिअरिंगला लाल टॅग होता : 'काम चालू आहे, चालवू नये. शेषराव.' प्लांटमध्ये मशीनच्या आत शिरणारा माणूस स्विचवर आपल्या नावाचा असा टॅग लावतो. तो बाहेर येऊन स्वतः काढेपर्यंत कोणी हात लावत नाही. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी हे आमच्या डोक्यात भरलं. गिरजाबाई म्हणाल्या, "टोचन लावून न्या जी, टॅग नका काढू. हे अजून आत हायेत." शेषराव तीन वर्षांपासून दिसलेले नाहीत, असं शेजारी सांगतात. बाईंचं कुंकू मात्र ठसठशीत. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. त्यांची पाठ वळताच टॅग खिशात टाकला. पहिल्या चावीला इंजिन लागलं. खालून काहीतरी धपकन वाजलं, सायलेन्सर असेल.

१२ नोव्हेंबर
साक्षीला घेऊन कुम्हारीपर्यंत जाऊन आलो. काय पळते! पाचव्या गिअरला जरा खोकते, तेवढंच. साक्षी म्हणे, बायकोपेक्षा गाडीलेच जास्त पुसून राहिले तुम्ही. लग्नाला सहा महिनेही नाहीत, टोमणे मात्र वीस वर्षांचे. फार गोड दिसत होती आज.

१५ नोव्हेंबर
गाडीचं बंद घड्याळ चालू झालंय. खोकणंही गेलं. मी बॉनेट उघडलेलंच नाही. दुपारी घरामागे गाडी ठेवतो त्या शेडमधून टक टक ऐकू आली, जाऊन पाहिलं तर कोणी नाही.

१८ नोव्हेंबर
साक्षी रुसली होती. दुपारी मी म्हणे गाडीखालून हात पुढे करून तेरा नंबरचा पाना मागितला. तिला सापडला नाही, तर न बोलता हात आत घेतला.
दुपारी मी प्लांटमध्ये होतो.
गाडीखाली वाकून पाहिलं. ऑइलचा डाग, बाकी काही नाही. कशाला घाबरवायचं, म्हणून तिला म्हटलं, हो, मीच होतो. हसली बिचारी.

२० नोव्हेंबर
साक्षी घरात नाही. शेडच्या दारात तिच्या चपला. सिव्हिक सेंटरच्या बाजारातून तिनं माझ्यासाठी नवा पान्यांचा सेट आणलेला, उघडा पडलाय. तेरा नंबर नाही.
स्टिअरिंगला लाल टॅग. 'काम चालू आहे.' खाली तिचं नाव. अक्षर तिचंच.
पहिला टॅग जागेवर असता तर ती तिकडे गेलीच नसती. तिचे बाबा प्लांटमधून रिटायर झालेत, टॅग म्हणजे काय ते तिला लहानपणापासून ठाऊक. मी काढला. वर खोटंही बोललो.

२१ नोव्हेंबर
हुडकोला गेलो. ओट्यावर शेषराव चहा पीत बसलेले. हात कोपरापर्यंत काळे. गिरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही.
शेषराव म्हणाले, तीन वर्षं हात पुढं करून होतो, हिनं शेडच उघडली नाही. तुमच्या बाईनं पाना देला, ती आत गेली, मी सुटलो —
मी त्यांना मारायला धावलो. त्यांनी हात उचलला नाही. रडत होते.

२२ नोव्हेंबर
सकाळपासून गाडीशेजारी बसलोय. गाडीत चावी घालत नाही. कोणाला जवळ येऊ देत नाही —

अकरा वाजता हात आला. तिच्या बांगड्या. तळवा उघडा.
हाक मारली. बोलत नाही. नुसती बोटं हलवते —

नवा पाना आणलाय. माझ्या मांडीवर आहे.
भीती वाटते. खूप.

साक्षी, बाहेर आलीस की आधी हे वाच. माझा टॅग काढू नको. शेडकडे फिरकू नको. मी हात पुढे केला तरी पाना देऊ नको. मी मागेनच, मला राहवणार ना—