झूम की पन्नासची

सोम., १४ नोव्हें. १९७७
कॅमेऱ्याच्या एकुलत्या एक लेन्सला बुरशी लागली ती लागलीच. मुंबईचे भावजी दोन लेन्स आणि आपला कॅमेरा वापरून बघायला ठेवून गेलेत. एक झूम, लांबचं जवळ आणणारी, हे एवढं नळकांडं. दुसरी पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची. बुटकी, पण अंधाऱ्या खोलीतही चालते. फक्त आपण जवळ जायला हवं. ऐपत एकीचीच. भावजी करमाळ्याला बहिणीकडे गेलेत, रविवारी येऊन नको ती परत नेतील.
ह्यांना झूम हवी. "दारातूनच आतल्या बायकांचे फोटो निघतील. शालन, तुझी दगदग वाचेल."
दगदग! मी कधी तक्रार केली?

मंगळ., १५
दोन वर्षांपूर्वी एका डोहाळजेवणात बायकांनी ह्यांना दारातून परत पाठवलं, म्हणून कॅमेरा माझ्या हाती आला. तोवर मी फक्त डार्करूममध्ये. फोटो धू, वाळव, कडा काप. आता पेठेत 'फोटोवाल्या वहिनी' म्हणतात. झूम आली की वहिनी परत आत. हे कुणी बोलत नाही.
पन्नासची लावून सासूबाईंना भाकरी थापताना टिपलं. हे म्हणाले, "हूं." झूम मात्र सकाळपासून पुसणं चाललंय, नव्या नवरीसारखी.

गुरु., १७
लक्ष्मीबाईंच्या लेकीचं डोहाळजेवण, शुक्रवार पेठ. 'एकदा बघूच' म्हणून हे झूम घेऊन अंगणात. मी भावजींच्या कॅमेऱ्यावर पन्नासची लावून आत.
ओटी भरताना एकीचं लक्ष बाहेर गेलं. "अगं बया, त्यो नळा कुणाकडं रोखलाय?" झालं! सगळ्यांचे पदर तोंडावर, पाठी दाराकडे. लक्ष्मीबाई तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, सगळ्या हसल्या. मग ह्यांना, "अण्णा, तुमी तितं उनात कशाला? च्या घ्या की. आत वहिनी हायत न्हवं!"
ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार. वाईट वाटलं. थोडंच.

शुक्र., १८
रोल धुतले. ह्यांचे : पाठी, पाठी, हललेल्या पाठी. माझे : दोन वाया, एकात डोळे मिटलेले. पण एक... लक्ष्मीबाईंची पोर आईच्या दंडाआड तोंड लपवून हसतेय. चांगला आलाय. मलाच खरं वाटेना.
दोन्ही शेजारी शेजारी टांगले आणि ह्यांना बोलावलं. आता तरी म्हणतील.
म्हणाले, "आणखी लांबून काढायला हवे होते."
कपाळ माझं!

शनि., १९
शेवटी मीच बोलले. "मला बाहेर पडू द्यायचं नाही असं सरळ म्हणा ना. लेन्सच्या आड कशाला लपता?"
"मी तसं म्हणालो का?"
तसं म्हणाले नाहीत खरे. पण तसं नाही, असंही म्हणाले नाहीत.
सासूबाई, "आदी जेवा दोगं, मग भांडा." आणि हळूच मला, "माजा फोटू कुटंय गं?"
जेवण गेलं नाही. रडू आलं ते रागाचं.

रवि., २०
संध्याकाळी भावजी आले. चहा झाला. दोन्ही खोकी टेबलावर. "बोला, कुठली नेऊ?"
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अर्जंट काम आहे," म्हणाले आणि डार्करूममध्ये गेले. दाराला कडी. लाल दिवा लागला, म्हणजे कुणी हाक मारायची नाही.
सकाळी ट्रे मीच धुऊन पालथे घातलेत. आत काही काम नाही.
भावजी घड्याळ पाहायला लागले. गाडीची वेळ. "वहिनी?"
झूमचं खोकं मीच त्यांच्या पिशवीत घातलं.
ते जाऊन बराच वेळ झाला. ताटं वाढून ठेवलीत. लाल दिवा अजून चालूच आहे.