भूकंपवीराचा डावा घोटा

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा, कमरेमुळे आठांपैकी पाचच अंगं सध्या जमिनीपर्यंत पोचतात.) वहिनींनाही नमस्कार सांग. त्यांचा गुडघा, तुझा रक्तदाब आणि परसातलं लिंबाचं झाड, तिघांच्याही तब्येती ठीक असतील अशी आशा करतो. आमच्याकडे सगळं ठीक. ही तुम्हा दोघांची आठवण रोज काढते. मी काढत नाही, कारण एक काढली की तिच्यामागून बाकीच्या निघतात आणि मग जेवण गोड लागत नाही.

परवा तुझा फोन आला. चार वर्षांनी आला आणि एक मिनिट दहा सेकंद चालला. (मी वेळ लावून बसलो नव्हतो, फोनच दाखवतो.) आमच्या गावात दातांच्या एका निवृत्त डॉक्टरांकडे जुना भूकंपवीर विकायला आहे, जाऊन बघ, माल कसा आहे ते तपास, आणि घेऊ की नको एवढी एक ओळ लिहून पाठव, असं तू सांगितलंस. 'एकच ओळ' हे तू दोनदा म्हणालास, तेही मला ऐकू आलं. ती ओळ या पत्रात आहे. पण पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला तपासणी सांगायच्या आधी निकाल सांगता येत नाही, तेव्हा जरा दम धर.

भूकंपवीर म्हटल्यावर मला पुढे काही सांगावं लागलं नाही. वीतभर उंचीचा खेळण्यातला बाहुला, जांभळ्या झग्याचा, छातीवर तडा गेलेल्या जमिनीचं चित्र, डाव्या पायावर उभा आणि उजवा पाय वर उचललेला. आता तो पाय आपटणार आणि समोरच्या दुष्टाच्या पायाखालची जमीन फाटणार, अशा बेतात. आपल्या दोघांत मिळून एक होता. विषम तारखांना तुझा, सम तारखांना माझा. (एकतीस दिवसांचा महिना संपला की तुला लागोपाठ दोन दिवस मिळत. ही तक्रार मी तेव्हाही केली होती, तिचा निकाल अजून लागलेला नाही.) एका चौदा तारखेला, वय वर्षं सात, जमीन खरंच हादरते का हे बघायला मी त्याला मागच्या पायरीवर दणकन आपटला, आणि त्याचं डावं पाऊल घोट्यातून तुटून थेट मोरीत गेलं. बाबांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, माझ्याकडून तुटला. बाबांनी तुला अर्धा तास एका पायावर उभं केलं. मी दाराआडून बघत होतो. तू डगमगला नाहीस, आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस, कारण बघितलं असतंस तर मी रडलो असतो आणि सापडलो असतो. याला सत्तावन्न वर्षं झाली. या वयात तुला भूकंपवीर कशाला हवाय, हे मी फोनवर विचारलं नाही ते काही वेळ संपला म्हणून नव्हे.

मी निघालो तेव्हा ही दारात येऊन म्हणाली, "वाईट असला तरी चांगला म्हणा. एवढ्यावर भाऊ परत मिळतोय." मी म्हटलं, खराब मालावर मी आजवर सही केलेली नाही. ती म्हणाली, "म्हणून तर चार वर्षं फोन नाही." मी पिशवी उचलून चालू लागलो. पिशवीत भिंग होतं, बारीक मापं घ्यायचा वर्नियर होता (मायक्रोमीटर घरीच ठेवला, उगाच देखावा नको) आणि माझी पाणसळ होती. ती तू पाहिली आहेस. काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, पितळी, कारखान्याने निरोपाच्या दिवशी माझं नाव कोरून दिलेली. तुझ्या नव्या घरी मी हीच आणली होती.

विषय मी मुद्दाम उकरत नाही, ओघात आला म्हणून लिहितो. घर बघायला बोलावलंस, मी घर बघितलं. तेवीस शेरे काढले. दोन पानी अहवाल केला, तीन प्रतींत. एक तुला, एक तुझ्या गवंड्याला, एक माझ्या फायलीला. बैठकीची फरशी खिडकीकडे उतरती आहे, स्वयंपाकघराचा ओटा कललेला आहे, वगैरे. यात मला तुझं मन दुखवायचं होतं असं तुला वाटलं असेल तर तो तुझा गैरसमज आहे. माझ्या माहितीत, प्रेमाच्या माणसालाच एवढा सविस्तर अहवाल देतात. पुढे वहिनींकडून हिला कळलं की तू तो चारपदरी घडी करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घातलास. मला राग आला नाही. टेबल डगमगत होतं, यातच फरशीबद्दल काय ते आलं.

असो. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आहे, पण खोली तशीच ठेवली आहे. जिथे चिमटे आणि सुया असायच्या त्या काचेच्या कपाटात आता सगळे वीर ओळीने उभे आहेत, आणि आलेल्या माणसाला बसायला खुर्ची एकच, ती दात काढायची. मी बसलो. डॉक्टरांनी पायाने काहीतरी दाबलं, मी आडवा झालो आणि डोक्यावर दिवा लागला. मग त्यांनी हातमोजे चढवून भूकंपवीर खोक्यातून काढला आणि माझ्या छातीपुढच्या ट्रेवर ठेवला. माणूस सत्तरीचा, अतिशय सभ्य. मी काहीही विचारलं की आधी म्हणायचे, "काही दुखणार नाही."

मी पद्धतशीर सुरुवात केली. खोक्याचे कोपरे शाबूत, एक किंचित दबलेला. झग्याची शिवण एकसारखी, धागा कुठे सुटलेला नाही. सांधे चौदा, प्रत्येक फिरवून सोडला, जिथे ठेवला तिथे राहिला. (आपल्या दोघांच्या मिळून एवढ्या सांध्यांबद्दल हे म्हणता यायचं नाही.) मुखवट्याची कड सफाईने रंगवलेली. पण डोळे बघितले आणि मी थांबलो. उजवं बुबुळ नाकाकडे सरकलेलं, म्हणजे उघड उघड तिरळा. मी मान हलवली आणि हा दोष मोठा आहे असं सांगितलं. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, अस्सल भूकंपवीर सगळे तिरळेच असतात. त्या कारखान्यात साचा लावताना चूक झाली ती शेवटपर्यंत तशीच राहिली, आणि सरळ बघणारा भूकंपवीर दिसला की तो नकली समजायचा. दादा, ज्या दोषावर मी अख्खा माल परत धाडला असता, त्या दोषामुळे याची किंमत वाढते! मला क्षणभर खुर्ची आणखी मागे गेल्यासारखी वाटली. आपला तिरळा होता का, तुला आठवतं? मला वाटायचं तो माझ्याकडेच बघतोय.

मी काही निरखून बघायला लागलो की माझं तोंड उघडं राहतं, हे तुला माहीत आहे. मी भिंगातून छातीवरचा रंग बघत होतो, वरून दिवा होता, आणि डॉक्टरांच्या हाताला चाळीस वर्षांची सवय. त्यांनी लांब दांड्याचा तो छोटा आरसा (झग्याच्या मागची बाजू बघायला काढलेला) सहज माझ्या तोंडात घातला आणि म्हणाले, वरची डावी दाढ गेली म्हणायची, खालचे दोन हलतायत, आणि मागे कोणीतरी फार वाईट काम करून ठेवलंय. मी विचारलं नव्हतं. मी भूकंपवीर बघायला गेलो होतो. त्या माणसाने एक शब्द खोटा सांगितला नव्हता, तरी मला असं काही लागलं की सांगता येत नाही. मनात आलं, घरी बोलावलेलं असताना कोणी असं बोलतं का? आणि मग आणखीही काही मनात आलं, पण मी ते बाजूला ठेवलं, कारण काम अर्धवट होतं.

राहिली होती उभं राहण्याची चाचणी. एका पायावरच्या वीराची खरी परीक्षा तीच. ट्रेवर पाणसळ ठेवली, बुडबुडा एका बाजूला. म्हणून ट्रेखाली पुठ्ठ्याचे दोन तुकडे सारून तो अगदी मधोमध आणला. मग भूकंपवीर उभा केला आणि आम्ही दोघं बघत बसलो. नवव्या मिनिटाला तो डावीकडे कलला आणि पडला. डॉक्टरांनी तो हवेत झेलला. (पडते दात झेलायची सवय.) मी लगेच भिंग घेऊन डावा घोटा बघितला आणि मला तो सापडला: केसाएवढा जोड, आणि खाली रंगात जेमतेम जाणवेल एवढा फरक. मी डॉक्टरांकडे बघितलं. ते खिडकीकडे बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "दातात भरतात तेच भरलंय. उभ्या आयुष्यात कोणाच्या दातात इतकं चांगलं भरलं नव्हतं हो." पुढे त्यांनी सांगितलं की आजवर त्यांच्या हातून अकरा भूकंपवीर गेले आणि त्यांतले नऊ नेमके तिथेच तुटलेले होते. सगळा भार ज्या घोट्यावर, तोच सगळ्यात बारीक केलेला. म्हणजे सत्तावन्न वर्षांनी हे सिद्ध झालं की आपला तुटला त्यात दोष माझा नव्हता, बनावटीचा होता. हे कळल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. एका पायावर उभा राहिलेला तू तर बनावटीत कुठे बसत नाहीस.

डॉक्टरांनी विश्वासाने तो दोन दिवस घरी न्यायला दिला. आता जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर उभा आहे. अजून पडलेला नाही, पण पडेल. ही सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. दोन कागद फाडले. पहिल्यावर 'घे' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'घ्यायला हरकत नाही'. पण तू मला माझ्या डोळ्यांसाठी विचारलंस, तेव्हा खोटं लिहिलं तर तू मला विचारलंस कशाला? म्हणून तू मागितलेली ओळ ही:

दादा, घेऊ नकोस. घोटा भरलेला आहे आणि तो सरळ उभा राहत नाही.

यावर तू पुन्हा चार वर्षं फोन केला नाहीस तर मी समजून घेईन. आवडणार मात्र नाही.

तुझा धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं आणि दिवस उलटला. तो अजून उभा आहे. काल दुपारी दोनपासून एका पायावर, ही दोनदा टेबल पुसून गेली तरी. मला हे पटत नाही.

ता. क. २. पटेना म्हणून आत्ता टेबलावर पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी पहिल्या दिवशी शिकवायचो की पाणसळ उलट फिरवून पुन्हा बघायची. बुडबुडा त्याच बाजूला गेला तर उतार खरा, दुसऱ्या बाजूला गेला तर पाणसळ खोटी. ही मी कधी फिरवून बघितली नव्हती. तिच्यावर माझं नाव होतं ना. आज फिरवली. बुडबुडा उजवीकडे गेला. डॉक्टरांचा ट्रे सरळ होता, मीच पुठ्ठे घालून तो तिरका केला. भूकंपवीर सरळ उभा राहतो, आणि भरलेला घोटा मुळापेक्षा मजबूत आहे. तेव्हा वरची ओळ खोडलेली समज. नवी ओळ: घे.

ता. क. ३. फायलीतली प्रत काढून बघितली. तेवीसपैकी सतरा शेरे पाणसळीवरचे आहेत. ते सगळे मी मागे घेतो. तुझी फरशी सरळ आहे, दादा, चार वर्षं सरळच होती, आणि गवंड्यालाही तसं कळव. (टेबलाचा एक पाय आखूड असणार. उरलेल्या सहा शेऱ्यांवर मी ठाम आहे, पण त्यांची आठवण मी होऊन काढणार नाही.)

ता. क. ४. भूकंपवीर मी पाठवणार नाही, न्यायला तुलाच यावं लागेल. चार दिवस सवड काढून वहिनींना घेऊन ये. आल्यावर आमचं घर तपास, खोलीन् खोली, आणि काय दिसेल ते लिहून दे, तीन प्रतींत. मी शेजारी एका पायावर उभा राहीन, आणि तू बघितलंस तरी चालेल. पाणसळ मात्र तुझी आण.