मोकळ्या हातांची नावं

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या घरासमोरच्या रस्त्याचंही नाव बदललं. हे नातीकडून लिहून घेते आहे. मी बोलते आणि ती माझ्या बोलण्याला शाळेचे कपडे घालते. घालू दे. माझं सांगणं लिहून घेताना तुम्हीही तेच करायच्या.

वेठबिगारी बंद करायचा कायदा नुकताच आला होता. मौद्याच्या वाटेवरच्या दगडखदानीत काही कुटुंबं उचलीपायी अडकून पडली आहेत, असं तुमच्या कानावर आलं होतं. तहसीलदार म्हणाले, नावं आणा, मग मी गाडी घेऊन येतो. पण तुमच्यासारख्या वकीलबाईला त्या फाटकातून आत कोण सोडणार? बांगडीवालीला सोडतात. शिवाय बांगडीवाली एखादीचा हात हातात धरून बसली तरी कोणी काहून म्हणत नाही. मी मुद्दाम आवळ बांगड्या नेल्या, म्हणजे चढवायला वेळ लागेल. अक्षर येत नव्हतं, म्हणून जिनं जे सांगितलं ते, नावासकट, तिच्या बांगडीच्या रंगावर लक्षात ठेवलं. हिरवीवालीच्या नवऱ्याला पळाला म्हणून साखळीनं बांधलं होतं. पिवळीवालीला बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी दगड फोडायला बसवलं होतं.

तुमच्या स्वयंपाकघरात बसून मी सगळं सांगते आहे, तुम्ही पोळ्या सोडून लिहिता आहात. एवढ्या शिकलेल्या बाईला मी लिहायला लावते आहे, म्हणून मी आपली अभिमानानं फुगून बसलेली. सांगून झालं, तसा तुम्ही कागद खाली ठेवला.

"यात विधवा एकही नाही?"

मी म्हटलं, दिसली नाही. तुम्ही तुमचे दोन्ही हात पोळपाटावर ठेवले, कोपरापर्यंत मोकळे.

"मग मीही दिसत नसेन तुला."

लागलं ते, बाई. आम्ही धम्माची दीक्षा घेतलेली माणसं. विधवेला बाजूला बसवायची रीत सोडून आम्हाला वीस वर्षं झाली होती. धंदा मात्र जुनाच होता आणि बांगडीवालीचा हात विधवेकडे जात नाही. कागदावर जिचं नाव नाही, ती खदानीतच राहणार होती.

दुसऱ्या आठवड्यात परत गेले. दोघीजणी बाजूला बसून दगड फोडत होत्या. एकीचा हात धरला तर तिनं ओढून घेतला. "मले नोको वं. माहा मालक गेला." खाटेवरून मुकादम हसला, विधवांनाही बांगड्या भरून राहिली का म्हणाला. मी टोपली त्याच्याकडे फिरवली. "ह्या तुमच्याच मापाच्या हायेत, भाऊ. आना हात." बाया पदरात तोंड घालून हसल्या. तो पुटपुटत फाटकाकडे निघून गेला. मग मी तिला हळूच नाव विचारलं.

"थांब वं, आठवू दे," ती म्हणाली. "इथं कोनी घेतच नाही."

आठवलं तिला. दोनदा सांगितलं. मग दुसरीनंही आपलं सांगितलं. या दोघींना रंग नव्हता, म्हणून दोन्ही नावं तोंडात घोळवतच नागपूरपर्यंत आणली. कंडक्टरला तिकीटसुद्धा बोटानं मागितलं. त्याला वाटलं मुकी आहे. मला मुकं समजणारा आजवर तो एकच.

तहसीलदार आले, त्यांनी कडुनिंबाखाली उभं राहून यादी वाचली. शेवटी ती दोन नावं आली. मुकादम म्हणाला, अशा कोणी इथं नाहीतच. खोटं नव्हता बोलत. त्याला ती नावं ठाऊकच नव्हती. तेवढ्यात ती पहिली उठली, हातोडा खाली ठेवला आणि म्हणाली, "ते मीच हावो." तिच्यामागून दुसरीही उठली.

ट्रकमध्ये तुम्ही ड्रायव्हरशेजारी बसलात आणि मी मागे, त्या सगळ्यांच्या मधोमध. एवढ्या ऐटीत मी माझ्या लग्नातही बसले नव्हते.

नात विचारते, आजी, पत्ता काय लिहू? काही नको. पेटीत राहू दे. पण एवढं लिही म्हटलं. पहिल्या दिवशी मला विधवा दिसली नाही, हे मी तुमच्याशी खोटं बोलले. हात ओढून घेणारी तीच आली होती, बाई. बांगडी नको होती तिला, काही सांगायचं होतं. टोपलीपुढे बसून तिनं हात पुढे केला, आणि मी टोपली झाकली.