चुलीजवळच्या खाटेवरचा माणूस

प्रिय निकोताई,

फोनवर तुला नुसतं 'बरं चाललंय' सांगत आलो, म्हणून आज नीट लिहितो. आजोबा ज्या आवारात मीठ वाहणाऱ्या लामा जनावरांच्या तांड्यांना उतरायला जागा द्यायचे, तिथेच आम्ही पत्रे टाकून खाटा मांडल्या. तांडे कधीच बंद झाले. आता ओरुरो शहराच्या फुटपाथांवर झोपणारी माणसं येतात: खाणीच्या धुळीनं छाती निकामी झालेले, दारुडे, लेकांनी बसस्टँडवर सोडून दिलेल्या म्हाताऱ्या. रीत आजोबांचीच, आधी सूप, मग नाव, आणि आलेल्याला हाकलायचं नाही. पहिल्या दिवशी पाद्रीबाबांचं भाषण लांबत चाललं, तेव्हा आई सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, देवाला घाई नसेल, पण सूप निवतंय." अख्खं आवार हसलं.

ही जागा मी उभी केली असं लोक म्हणतात, पण चालते आईच्या शब्दावर. बाजारातल्या बायका बटाट्यांची पोती देतात ती तिच्याकडे बघून. आणि गेल्या महिन्यापासून आईनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नाही. शेजारची ग्रेगोरियाकाकू रांधते, मनापासून रांधते, पण तिचा हात मिठाला सैल. परवा एक दारुडा तिला म्हणाला, "काकू, आपल्या देशाचा समुद्र चिलीनं लढाईत नेला म्हणतात, तो तुमच्या पातेल्यात आहे की!" काकूनं त्याला दुसरी वाटी दिली नाही. हसायला ठीक आहे, पण बाजारातल्या बायका आता आई कुठे म्हणून विचारतात, पोती कमी झालीत. असंच चाललं तर थंडी कडक व्हायच्या आत आवाराला कुलूप लागेल.

आई स्वयंपाकघरात येत नाही त्याचं कारण एक नवा माणूस आहे. हडकुळा, सारखा खोकणारा. मीच त्याला आत घेतलं, सूप दिलं, चुलीजवळची खाट दिली. आई पळी घेऊन बाहेर आली, त्याच्याकडे पाहिलं, पळी ठेवली आणि आत गेली. तेव्हापासून एकच म्हणणं: "तो जाईल, नाहीतर मी." मी म्हटलं, "आई, हाकलायचं नाही हे तूच शिकवलंस ना?" तर म्हणाली, "शिकवलं. म्हणून तर मी जाते म्हणतेय." तो माणूस निमूटपणे घोंगडी घडी करतो, मिळेल ते खातो. जायला सांगितलं तर जाईन, एवढंच बोलला. डॉक्टर म्हणतात, उघड्यावर आठवडाभरही काढणार नाही.

सूप झाल्यावर मी रीतीप्रमाणे नाव विचारलं. ते आपले बाबा आहेत, ताई. मी तेव्हा आईच्या पाठीवरच्या झोळीत होतो, त्यामुळे तो चेहरा मला काहीच सांगत नाही. राग यायला हवा, येत नाही. ते निघून गेले म्हणून शाळा सोडून ब्युनोस आयरेसला शिलाईच्या कारखान्यात गेलीस ती तू. आई म्हणते, "माफ करायचं की नाही हे मी कोण ठरवणार, निको सांगेल तसं. ती ठेव म्हणाली तर मी पुन्हा चुलीपाशी उभी राहीन." बाप म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तूच येतेस. म्हणून तुला विचारतो, ठेवू की जायला सांगू?

तुझाच,
सेवेरो